ब्रेबॉर्न क्रीडांगण

मुंबईस चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून समुद्राच्या रोखाने चालू लागले, म्हणजे थोड्याच वेळात एका प्रशस्त क्रीडांगणाच्या भिंतीपाशी माणूस येऊन पोहोचतो. आतली हिरवळ रस्त्यावरून दिसत नाही. ती पाहावयाची तर क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ह्या संस्थेचे सभासद तरी असावे लागते, नाहीतर सामन्याचे तिकीट तरी हाती असावे लागते. ब्रेबॉर्न क्रीडांगणाचा निम्मा इतिहास ह्या एका गोष्टीत आला. उरलेला निम्मा तेथे निघालेल्या धावांचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळच आनंददायक आहे.

हे क्रीडांगण होण्यापूर्वी मुंबईतील मोठे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत असत. हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना तेथेच, १५ डिसेंबर १९३३ रोजी सुरू झाला. पाहुण्यांचे नायक डग्लस जार्डिन, यजमानांचे सी. के. नायडू. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. परंतु लाला अमरनाथ ह्यांनी दुसऱ्या डावात काढलेल्या ११८ धावांनी सबंध शहराला वेड लावले, आणि लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या त्याच. आता ह्या मैदानाचा धनी जो जिमखाना, तो केवळ गोऱ्यांचा होता. हिंदी खेळाडूने तेथे शतक काढावे, हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट करावा, परंतु त्या खेळाडूस जिमखान्याचा सभासद होता येऊ नये, अशी ती स्थिती होती. प्रेक्षकांसाठी कायमच्या बैठका नव्हत्या. सामने आले की तंबू आणि तात्पुरते मांडव उभारावयाचे, आणि सामने सरले की ते उतरवावयाचे. देशात क्रिकेटला स्वतःचे घर असे नव्हतेच.

हे घर बांधण्याची धडपड ज्यांनी केली, त्यांत अँथनी दे मेलो ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. क्रिकेट नियामक मंडळाचे ते पहिले चिटणीस. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था १९३३ साली दिल्लीस स्थापन झाली, आणि लंडनच्या एम. सी. सी.चा कित्ता तिने डोळ्यांपुढे ठेविला होता. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांचा द्रव्याश्रय होता. उणीव होती ती जागेची. ती जागा अखेर मुंबईत मिळाली, आणि तीही समुद्राकडून. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करण्याची सरकारी योजना १९२०च्या सुमारास निघाली होती, आणि तीतील उधळपट्टी वीर नरिमन ह्यांनी चव्हाट्यावर मांडल्यापासून ती मुंबईकरांच्या थट्टेचा व संतापाचा विषय होऊन बसली होती. त्या भरणीच्या जमिनीपैकी सुमारे ९० हजार चौरस यार्ड जागा दर यार्डास साडेतेरा रुपये ह्या भावाने क्लबाने मिळविली. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न ह्यांना, खेळाडूंकडून पैसा घेणे बरे की अमर नाव घेणे बरे, असा प्रश्न दे मेलोंनी टाकल्याची आख्यायिका आहे. गव्हर्नरसाहेबांनी काय पत्करले हे क्रीडांगणाच्या नावावरून उघडच आहे.

२२ मे १९३६ रोजी लॉर्ड ब्रेबॉर्न ह्यांनी कोनशिला बसविली. ग्रेगसन, बॅटली आणि किंग ह्या शिल्पज्ञांनी नकाशे केले, आणि शापूरजी पालनजी ह्यांच्या पेढीने बांधकाम केले. ७ डिसेंबर १९३७ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा ब्रेबॉर्न बंगालचे गव्हर्नर होऊन निघून गेले होते. समारंभ त्यांच्या जागी आलेल्या सर रॉजर लम्ली ह्यांच्या हस्ते उरकला, आणि लॉर्ड टेनिसन ह्यांच्या पाहुण्या संघाशी क्लबाच्या संघाचा पहिला सामना सुरू झाला. हिंदुस्थानातील हे पहिले कायमचे, पक्के बांधलेले क्रिकेटचे क्रीडांगण. खेळाडूंच्या निवासाची सोय क्लबाच्या इमारतीतच होती. सकाळी खोलीतून निघावे आणि जिना उतरून थेट हिरवळीवर यावे, अशी चैन इतरत्र क्वचितच कोणास मिळाली असेल.

पण घर बांधून होताच त्यात कोणी कोठे बसावयाचे ह्यावरून कलह सुरू झाला. मुंबईच्या क्रिकेटचा खरा सण म्हणजे पंचरंगी सामने. पूर्वी युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चारच संघ होते, म्हणून त्यांना चौरंगी म्हणत. १९३७ साली पाचवा रंग मिळाला तो ‘रेस्ट’ ह्या संघाचा. हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, म्हणजे वरच्या चार घरांत ज्यांना कोणी घेईना, ते सारे ह्या पाचव्या घरात. त्याच वर्षी हे सामने नव्या क्रीडांगणावर आले, आणि त्याच वर्षी हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. धर्माचा किंवा राजकारणाचा त्यात काही संबंध नव्हता. क्लबाने जिमखान्याच्या वाट्याला दिलेल्या बैठका अपुऱ्या होत्या, एवढेच कारण. ज्या क्रीडांगणात हजारो माणसे सुखाने बसू शकत, तेथे पहिल्याच वर्षी जागेवरून एक संघ घरी बसला.

राजकारण आले ते पुढे. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस गेले. नेते तुरुंगात आहेत, युरोपात युद्ध पेटले आहे, अशा वेळी हे सामने व्हावेत काय, असा प्रश्न होता. गांधीजींनी सामन्यांस संमती दिली नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जातवार आणि धर्मवार संघ करून खेळण्याच्या प्रथेलाच त्यांनी हरकत घेतली. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुढल्या वर्षी तो परत आला. १९४२ च्या चळवळीत सामने मुळी झालेच नाहीत. १९४३ साली ते पुन्हा सुरू झाले. ह्या सामन्यांचा निषेध करणारे आणि ते पाहावयास गर्दी करणारे लोक पुष्कळदा एकच असत. तत्त्व सकाळी वर्तमानपत्रात वाचावयाचे आणि दुपारी बॉबी तल्यारखान ह्यांचे धावते वर्णन ऐकण्यासाठी रेडिओभोवती कोंडाळे करावयाचे, हा मुंबईकरांचा क्रम. तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. दुसऱ्या कोणाशी ध्वनिक्षेपक वाटून घेणे त्यांना मानवत नसे.

१९४३ च्या पंचरंगी सामन्यांनी ह्या प्रथेतील असंगती जितकी उघड केली, तितकी कोणत्याही व्याख्यानाने केली नसेल. विजय हजारे हे सांगलीचे; मराठी बोलणाऱ्या घरात वाढलेले. परंतु घराणे ख्रिस्ती, म्हणून ते ‘रेस्ट’कडून खेळत. विजय मर्चंट हिंदू संघाचे. मुसलमानांविरुद्ध हजाऱ्यांनी २४८ धावा काढून सामन्यांतला वैयक्तिक उच्चांक केला. अंतिम सामन्यात हिंदूंची गाठ ‘रेस्ट’शी पडली, आणि मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढून तो उच्चांक आपल्याकडे घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत कोसळला. आता दुसरा डाव म्हणजे केवळ उपचार, अशी समजूत झाली असताना हजारे खेळावयास आले. एका बाजूने गडी बाद होत राहिले आणि दुसऱ्या बाजूने हजारे शांतपणे धावा काढीत राहिले. त्यांचे धाकटे बंधू विवेक हे त्यांना येऊन मिळाले, आणि ह्या दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक ह्यांच्या धावा २१. धाकट्याने काढलेल्या त्या एकवीस धावांची किंमत काय होती, हे ज्याने संसारात कधी दुसऱ्याच्या मोठ्या कामाला नुसता टेकू दिला असेल त्यालाच कळावे. सबंध संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. ‘रेस्ट’ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. मर्चंटांचा उच्चांक मात्र त्याच सामन्यात मोडला, आणि जिंकणाऱ्या पक्षापेक्षा हरणाऱ्याचेच नाव अधिक झाले.

हा मान मर्चंटांनी फार दिवस दुसऱ्याकडे राहू दिला नाही. त्याच हंगामात, ह्याच क्रीडांगणावर, रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या.

ब्रेबॉर्नच्या खेळपट्टीबद्दल येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती फलंदाजाची माउली होती, आणि गोलंदाजाची सावत्र आई. मार्च १९४५ मधील मुंबई आणि होळकर ह्यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना पाहावा. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. मर्चंटांच्या त्यांत २७८. होळकरांनी ३६० आणि ४९२ केल्या. मुश्ताक अली ह्यांची दोन्ही डावांत शतके, आणि लष्करी नोकरीनिमित्त महूस असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९. एवढे करूनही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. चार डावांची बेरीज २०७८. बिचारे सी. एस. नायडू ह्यांनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावा देऊन ११ गडी बाद केले. एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत, आणि इतक्या धावाही दुसऱ्या कोणी दिलेल्या नाहीत. असल्या खेळपट्टीवर विक्रम होतात, पण सामन्यांचे निकाल लागत नाहीत. ब्रेबॉर्नवर एकंदर १८ कसोटी सामने झाले. त्यांपैकी ११ अनिर्णित राहिले; भारताने ५ जिंकले आणि २ गमावले.

पंचरंगी सामने १९४६ साली कायमचे बंद झाले. ते बंद झाले हे योग्यच झाले. तथापि, १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंवर अवघ्या एका गड्याने विजय मिळविला, आणि के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा करून परतले, तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना ह्या सामन्यांविषयी केवळ कडवटपणाच वाटला असेल असे म्हणवत नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रेबॉर्नवर कसोटी सामने सुरू झाले. डिसेंबर १९४८ मधील पहिल्या सामन्यात वेस्ट इंडीजने ६ बाद ६२९ केल्या, वीक्स ह्यांच्या १९४. आणि मागाहून पुन्हा खेळावयास लागलेल्या भारताला रूसी मोदी व हजारे ह्यांच्या शतकांनी तारले. परंतु खरा सामना त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. मालिकेतील तो पाचवा आणि शेवटचा. ८ फेब्रुवारी १९४९ हा अखेरचा दिवस. विजयास ३६१ धावा हव्या होत्या. कसोटी सामना भारताने तोवर एकही जिंकला नव्हता. मोदींनी ८६ केल्या, हजाऱ्यांनी १२२. गडी पडत गेले, तशा धावाही जवळ येत गेल्या. शेवटी दत्तू फडकर खेळपट्टीवर होते आणि घड्याळ धावांहून वेगाने चालले होते. धावफलकावर ८ बाद ३५५ लागल्या. आणखी सहा! षटकातील एक चेंडू टाकावयाचा राहिला होता, आणि वेळ संपावयास सुमारे दीड मिनिट अवकाश होता. परंतु पंचांनी बेल्स उचलल्या आणि खेळ संपल्याचे जाहीर केले. सामना अनिर्णित. त्या एका चेंडूवर, किंवा उरलेल्या दीड मिनिटात, सहा धावा झाल्याच असत्या असे कोणी सांगू शकत नाही. होऊ मात्र शकल्या असत्या. पहिल्या कसोटी विजयासाठी ह्यानंतर भारताला मद्रासच्या सामन्यापर्यंत, फेब्रुवारी १९५२ पर्यंत, थांबावे लागले.

पुढील वीस वर्षांतील सर्वच सामन्यांचा परामर्श घेण्याचे कारण नाही. त्यांतील कित्येक नुसते कंटाळवाणे होते. नोव्हेंबर १९५२ मध्ये पाकिस्तानवर दहा गड्यांनी मिळालेला विजय हा ब्रेबॉर्नवरील भारताचा पहिला. हजारे नाबाद १४६, उम्रीगर १०२, आणि विनू मंकड ह्यांचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी. १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध मंकडांनी २२३ धावा काढल्या. १९६० च्या डिसेंबरात पाकिस्तानविरुद्ध रमाकांत देसाई दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावा करून गेले. यष्टिरक्षक नाना जोशी ह्यांच्याबरोबर त्यांनी नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या. देसाई शरीराने लहान, त्यांचे काम वेगाने चेंडू टाकण्याचे; फलंदाजीची त्यांच्याकडून कोणी अपेक्षाच केली नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक काढलेल्या अब्बास अली बेग ह्यांच्याकडे एक तरुणी बैठकींतून धावत आली आणि भर मैदानात तिने त्यांचे चुंबन घेतले. मुंबईच्या दिवाणखान्यांत धावसंख्येपेक्षा ह्या गोष्टीचीच चर्चा अधिक झाली, हे सांगावयास नको.

१९६४ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ऐन दसऱ्याला संपला. २५४ धावा हव्या होत्या आणि आठ गडी बाद झाले होते. पतौडींचे नवाब दोन्ही डावांत अर्धशतके काढून गेले होते. पुण्याचे चंदू बोर्डे उभे राहिले, आणि दोन गडी राखून सामना हाती आला. सीमोल्लंघन ह्याहून निराळे काय असते? पाचच महिन्यांनी ह्याच खेळपट्टीवर भारताचा डाव न्यूझीलंडने ८८ धावांत गुंडाळला, आणि फॉलोऑन मिळाला. मडगावच्या दिलीप सरदेसायांनी नाबाद दोनशे धावा काढून त्या अपमानाचे उट्टे काढले. ५ बाद ४६३ वर डाव सोडल्यावर न्यूझीलंडचेच ८० धावांत आठ गडी बाद झाले, आणि ते हरता हरता वाचले.

आता जे सांगावयाचे ते तितकेसे सुखाचे नाही. नोव्हेंबर १९६९. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा दुसरा डाव ढासळत होता. वेंकटराघवन ह्यांना यष्टीमागे झेलबाद दिले गेले. बैठकींत ट्रान्झिस्टर कानाशी लावून बसलेल्या प्रेक्षकांना रेडिओवरून असे ऐकू आले, की चेंडू फळीला लागलाच नव्हता. बाटल्या आणि खुर्च्या मैदानात येऊ लागल्या. बैठकींना आगी लागल्या. धुराने मैदान भरून गेले, आणि तशातच खेळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने आठ गड्यांनी सामना जिंकला. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याचा एक सहज निघालेला शब्द काय करू शकतो, ह्याचे हे उदाहरण नभोवाणीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु क्रीडांगणाला खरी आग लागली ती ह्या दंग्याने नव्हे, तर जागांच्या जुन्याच प्रश्नाने. क्रीडांगण क्लबाचे, सामने भरविणारी संस्था मुंबई क्रिकेट असोसिएशन. असोसिएशनला संलग्न असलेले शेकडो क्लब गल्लीबोळांतून खेळाडू तयार करीत, आणि कसोटी सामना आला की त्यांच्या वाट्याला मोजक्याच बैठका येत. अधिक जागा द्या, अशी मागणी वरचेवर होत राहिली, आणि क्लब आपल्या सभासदांचे हक्क सोडावयास तयार होईना. असोसिएशनच्या अध्यक्षस्थानी नागपूरचे शेषराव वानखेडे होते, आणि क्लबाच्या अध्यक्षस्थानी दुसरे तिसरे कोणी नसून विजय मर्चंट होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. मर्चंटांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की वर्षभर क्रीडांगणाचा खर्च सोसणाऱ्या सभासदांना सामन्याच्या दिवशी उठवावयाचे हा न्याय नव्हे. पण खेळ लोकांचा झाला होता आणि घर मूठभरांचे राहिले होते. १९३७ साली जे हिंदू जिमखान्याने केले, तेच आता असोसिएशनने केले. फरक एवढाच, की जिमखाना रुसून घरी बसला होता. वानखेड्यांनी नवे घरच बांधले.

फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धचा सामना झाला. इंजिनिअर आणि विश्वनाथ ह्यांची शतके, तिकडून ग्रेग आणि फ्लेचर ह्यांचीही. उंचनिंच ग्रेग ह्यांनी शतक झाल्याबद्दल ठेंगण्या विश्वनाथांना लहान मुलासारखे उचलून जोजविले. त्यानंतर ब्रेबॉर्नवरचे कसोटी क्रिकेट थांबले. अर्ध्या मैलाच्या आत वानखेडे स्टेडियम उभे राहिले, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना सुरू झाला. त्यात नाबाद २४२ धावा काढल्या त्या क्लाइव्ह लॉइड ह्यांनी. कसोटी क्रिकेटमधील त्यांचे पदार्पण १९६६ साली ब्रेबॉर्नवर झाले होते.

पुढची छत्तीस वर्षे ब्रेबॉर्नची हिरवळ निगुतीने राखली गेली, पण मोठे सामने तेथे क्वचितच होत. १९९८ च्या फेब्रुवारीत पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना सचिन तेंडुलकर ह्यांनी नाबाद २०४ धावा काढल्या, तेव्हा जुन्या मंडळींना मर्चंटांचे दिवस आठवले असतील. कसोटी सामना परत आला तो डिसेंबर २००९ मध्ये, आणि तोही वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती म्हणून. श्रीलंकेविरुद्ध वीरेंद्र सेहवाग ह्यांनी दुसऱ्या एका दिवसात नाबाद २८४ धावा झोडपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिशतकास सात धावा उरल्या असताना मुरलीधरन ह्यांनी स्वतःच्याच गोलंदाजीवर त्यांचा झेल घेतला. ९ बाद ७२६, आणि एक डाव २४ धावांनी विजय. त्या विजयाने भारतीय संघ कसोटी क्रमवारीत प्रथमच अग्रस्थानी पोहोचला. २९३ ही ब्रेबॉर्नवरील कसोटी सामन्यांतली सर्वांत मोठी खेळी.

त्यानंतर ह्या क्रीडांगणाला जो नवा मान मिळाला, तो स्त्रियांच्या क्रिकेटमुळे. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला आणि ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११४ धावांनी हरविले. दहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामाचे सामने येथे झाले, आणि अंतिम सामना मुंबईच्या संघाने जिंकला. त्या हंगामात ८ मार्चला, महिला दिनी, गुजरात आणि बंगळूर ह्यांचा सामना होता. त्या संध्याकाळी ब्रेबॉर्नवर कोणाकडेही तिकीट मागितले गेले नाही.